स्थानिक वेब सर्व्हर

स्थानिक वेब सर्व्हर म्हणजे वैयक्तिक संगणकावर बसवलेली आणि प्रामुख्याने त्याच संगणकावरील ब्राउझरला संकेतस्थळाची पाने पुरवणारी सर्व्हर प्रणाली होय. दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर जे काम करतो तेच काम ही प्रणाली करते. मात्र पान मागणारा ब्राउझर आणि ते देणारा सर्व्हर एकाच यंत्रावर असल्यामुळे तिला इंटरनेट जोडणी, डोमेन नाव किंवा भाड्याने घेतलेली जागा लागत नाही. संकेतस्थळ सार्वजनिक करण्यापूर्वी ते तयार करणे व तपासणे, वेब तंत्रज्ञान शिकणे व शिकवणे, तसेच जोडणी नसलेल्या ठिकाणी माहिती उपलब्ध करून देणे, हे तिचे मुख्य उपयोग आहेत. पुणे शहरात महाविद्यालयीन प्रात्यक्षिके, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या अभ्यासकांचे गट आणि संकेतस्थळे तयार करणारे व्यवसाय यांच्यामुळे स्थानिक सर्व्हरचा वापर रूढ झाला.

संकल्पना

'सर्व्हर' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एका अर्थी तो सतत चालू ठेवलेल्या यंत्राचा निर्देश करतो, तर दुसऱ्या अर्थी विनंतीची वाट पाहणाऱ्या आणि ती आल्यावर उत्तर देणाऱ्या आज्ञावलीचा. स्थानिक वेब सर्व्हरच्या संदर्भात दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. त्यामुळे घरातील साधा संगणक किंवा लॅपटॉपही सर्व्हर होऊ शकतो.

एखादी एचटीएमएल फाइल दोनदा क्लिक करून उघडली, तरी ती ब्राउझरमध्ये दिसते. परंतु या पद्धतीत ब्राउझर फाइल थेट डिस्कवरून वाचतो आणि सर्व्हरचा कोठेही संबंध येत नाही. पीएचपीसारख्या भाषेत लिहिलेली फाइल अशी उघडल्यास तिचा नुसता मूळ मजकूर दिसतो किंवा ती डाउनलोड होते, कारण तिच्यातील आज्ञा पार पाडण्याचे काम ब्राउझरचे नसते. तीच फाइल सर्व्हरमार्फत मागवली, तर सर्व्हर ती पीएचपीच्या अर्थबोधकाकडे सोपवतो, आवश्यकतेनुसार डेटाबेसमधून माहिती घेतली जाते आणि तयार झालेले एचटीएमएल पान ब्राउझरकडे जाते. सर्व्हरची गरज का असते, हे समजण्यासाठी हा फरक लक्षात घेणे आवश्यक ठरते.

स्वतःशीच संपर्क साधण्यासाठी प्रत्येक संगणकात एक अंतर्गत मार्ग असतो. त्याला लूपबॅक म्हणतात. आयपी पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत १२७ या अंकाने सुरू होणारे सर्व १,६७,७७,२१६ पत्ते या कामासाठी राखीव आहेत. व्यवहारात त्यांपैकी १२७.०.०.१ हा एकच पत्ता बहुतेक ठिकाणी वापरला जातो आणि 'लोकलहोस्ट' हे त्याचे प्रचलित नाव आहे. या पत्त्यावर पाठवलेली माहिती संगणकाबाहेर पडत नाही. म्हणून नेटवर्कची तार काढलेली असली किंवा वायफाय बंद असले, तरी स्थानिक सर्व्हर चालतो.

एकाच संगणकावर अनेक सेवा एकाच वेळी चालू असू शकतात. त्या वेगळ्या ओळखण्यासाठी पोर्ट क्रमांकांचा उपयोग होतो. आयपी पत्ता हा इमारतीचा पत्ता मानला, तर पोर्ट हा सदनिकेचा क्रमांक ठरतो. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा असून त्याचे कमाल मूल्य ६५,५३५ आहे. साध्या वेब सेवेसाठी ८० आणि सुरक्षित वेब सेवेसाठी ४४३ हे क्रमांक ठरलेले आहेत. प्रायोगिक सर्व्हरसाठी ८०००, ८०८० हे क्रमांक, तर मायएसक्यूएल डेटाबेससाठी ३३०६ हा क्रमांक सामान्यतः वापरतात. युनिक्स परंपरेतील प्रणालींत १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टसाठी सहसा प्रशासकीय अधिकार लागतात. सर्वसाधारण वापरकर्त्याने ८० ऐवजी ८०८० निवडण्यामागे हे एक कारण असते.

इतिहास

जगातील पहिला वेब सर्व्हर हा मेजावर ठेवलेल्या संगणकावरच चालत होता. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर तो कार्यान्वित केला. तो बंद पडल्यास संपूर्ण वेबच बंद पडणार असल्यामुळे हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशी सूचना हाताने लिहून त्यावर चिकटवलेली होती. वैयक्तिक संगणक आणि सर्व्हर हा भेद मुळात यंत्राचा नसून उपयोगाचा आहे, याचे हे आद्य उदाहरण होय.

१९९५ मध्ये अपाची हा मुक्त स्रोत वेब सर्व्हर प्रसिद्ध झाला. रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांची सुरुवातही त्याच वर्षी झाली. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीसाठी 'लॅम्प' हे आद्याक्षरी नाव १९९८ मध्ये एका जर्मन संगणक नियतकालिकातील लेखात प्रथम वापरले गेले. हे चारही घटक विनामूल्य मिळत असल्याने विद्यार्थ्यांना परवाना शुल्क न भरता संपूर्ण वेब प्रणाली स्वतःच्या संगणकावर उभारणे शक्य झाले. २००२ मध्ये अपाची फ्रेंड्स या गटाने 'झॅम्प' हा एकत्रित संच सुरू केला. पूर्वी प्रत्येक घटक वेगळा बसवून त्यांची परस्परांशी जुळणी हाताने करावी लागत असे. झॅम्पमुळे ते काम एका इन्स्टॉलरपुरते उरले.

भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. डायल-अपच्या काळात जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होत असे, तिचा वेग कमी असे आणि खर्च वापराच्या वेळेनुसार वाढत जाई. पानात लहानसा बदल करून तो दूरच्या सर्व्हरवर चढवणे आणि पुन्हा तपासणे ही त्या काळी खर्चिक बाब होती. स्थानिक सर्व्हरवर हेच काम कितीही वेळा विनाशुल्क करता येत असे. लिनक्स व वेब सर्व्हरची सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याऐवजी पीसीक्वेस्टसारख्या संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींवरून बसवण्याची पद्धत तेव्हा प्रचलित होती.

पुण्यातील वापर

पुण्यातील स्थानिक सर्व्हरच्या प्रसारात शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विज्ञान शाखेतील संगणकशास्त्र आणि वाणिज्य व व्यवस्थापन शाखेतील संगणक उपयोजन या पदवी अभ्यासक्रमांत पीएचपी व वेब प्रोग्रॅमिंगचा समावेश राहिला आहे. संगणकशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत लिनक्सवर पीएचपी आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरून प्रात्यक्षिके केली जातात. घरी मात्र बहुतेक विद्यार्थी विंडोजवर झॅम्प बसवतात. त्यात पोस्टग्रेएसक्यूएलऐवजी मारियाडीबी असते. या दोन डेटाबेसांतील आज्ञा व जोडणीच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे घरी चाललेला प्रकल्प प्रयोगशाळेत न चालणे हा नेहमीचा अनुभव आहे. दोन्ही ठिकाणी एकच डेटाबेस बसवणे, किंवा पीएचपीतील पीडीओ या समान जोडणी पद्धतीचा वापर करून शक्यतो प्रमाण एसक्यूएल लिहिणे, हा त्यावरील उपाय होय.

प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली. परम महासंगणकासाठी ती प्रसिद्ध असली, तरी तिचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही अनेक विद्यार्थ्यांना पुण्यात आणतात. अशा अभ्यासक्रमांत जावा भाषेवर आधारित वेब उपयोजने शिकवली जातात. त्यासाठी अपाची टॉमकॅट हा सर्व्हर स्थानिक संगणकावर चालवावा लागतो. टॉमकॅटचा मूळ पोर्ट ८०८० आहे.

औपचारिक शिक्षणाबाहेर पुणे लिनक्स यूझर्स ग्रुप या स्वयंसेवी गटाने लिनक्स व मुक्त स्रोत साधनांची ओळख करून देण्याचे काम केले. सिम्बायोसिस संगणक अभ्यास व संशोधन संस्थेत होणारा 'ग्नूनिफाय' हा वार्षिक कार्यक्रमही याच परंपरेतला आहे. पुण्यातील आरटीकॅम्प या कंपनीने विकसित केलेले 'ईझीइंजिन' हे मुक्त स्रोत साधन एनजिनएक्स सर्व्हर, पीएचपी व डेटाबेस यांची वर्डप्रेससाठी जुळणी करून देते. सर्व्हर उभारण्याच्या क्लिष्ट पायऱ्या एका आज्ञेत आणण्याच्या प्रयत्नांपैकी ते एक आहे.

घटक आणि प्रकार

स्थानिक वेब सर्व्हरच्या पूर्ण संचात सामान्यतः तीन घटक असतात. विनंती स्वीकारून उत्तर देणारा वेब सर्व्हर, पाने तयार करणारी प्रोग्रॅमिंग भाषा आणि माहिती साठवणारा डेटाबेस. डेटाबेस हाताळण्यासाठी पीएचपी-मायॲडमिनसारखे साधन बहुधा सोबत दिलेले असते.

तयार संचांमध्ये झॅम्प विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतो. २०१५ पासून त्यात मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आहे. वॅम्पसर्व्हर हा विंडोजपुरता मर्यादित आहे, तर मॅम्पची सुरुवात मॅक संगणकांसाठी झाली. लिनक्सवर असा संच न वापरता वितरणाच्या पॅकेज व्यवस्थापकातून प्रत्येक घटक बसवण्याची प्रथा आहे.

लहान कामासाठी पूर्ण संचाची गरज नसते. पायथन भाषेत एका ओळीच्या आज्ञेने चालू होणारा साधा सर्व्हर अंगभूत आहे. स्थिर पाने दाखवण्यास तो पुरेसा असतो. पीएचपीतही २०१२ च्या ५.४ या आवृत्तीपासून विकासकामासाठी अंगभूत सर्व्हर आहे. २००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसमध्ये सर्व्हर हा प्रोग्रॅमचाच भाग असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉकरमुळे प्रत्येक प्रकल्पाचा सर्व्हर व डेटाबेस स्वतंत्र कंटेनरमध्ये ठेवता येऊ लागला. त्यामुळे एका प्रकल्पाला पीएचपीची जुनी आणि दुसऱ्याला नवी आवृत्ती लागत असली, तरी दोन्ही एकाच संगणकावर नांदू शकतात.

उभारणीची पद्धत

विंडोजवर झॅम्प बसवताना तो 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये न ठेवता मुख्य डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, कारण संरक्षित फोल्डरमध्ये लिहिण्याचे अधिकार सर्व्हरला मिळत नाहीत. त्यानंतर नियंत्रण खिडकीतून अपाची व डेटाबेस चालू केले जातात. ब्राउझरच्या पत्तापट्टीत रोमन लिपीत लोकलहोस्ट असे टंकल्यावर स्वागताचे पान दिसले, तर सर्व्हर कार्यान्वित झाला असे समजतात.

संकेतस्थळाच्या फाइली सर्व्हरने ठरवलेल्या एका मूळ फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात. झॅम्पमध्ये त्याचे नाव एचटीडॉक्स, वॅम्पसर्व्हरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असे असते. उबुंटू व डेबियन लिनक्सवर तो व्हार फोल्डरातील डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या फोल्डरमध्ये एचटीएमएल नावाने असतो. मूळ फोल्डरात प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा उपफोल्डर केला, तर लोकलहोस्टपुढे तिरकी रेघ देऊन त्या उपफोल्डरचे नाव लिहिल्यावर तो प्रकल्प उघडतो. फोल्डरात इंडेक्स नावाची फाइल असल्यास सर्व्हर ती आपोआप दाखवतो. ती नसल्यास, आणि तशी अनुमती दिलेली असल्यास, आतील फाइलींची यादी दिसते.

अपाची चालू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे ८० क्रमांकाचा पोर्ट आधीच दुसऱ्या आज्ञावलीने व्यापलेला असणे. विंडोजमधील मायक्रोसॉफ्टची स्वतःची वेब सेवा हे त्याचे नेहमीचे उदाहरण असून स्काइपच्या जुन्या आवृत्त्याही ८० व ४४३ हे पोर्ट घेत असत. अशा वेळी ती सेवा थांबवतात किंवा अपाचीच्या मांडणी फाइलमध्ये पोर्ट बदलून ८०८० करतात. बदललेला पोर्ट पत्त्यात लोकलहोस्टनंतर अपूर्णविराम देऊन लिहावा लागतो.

अनेक प्रकल्पांसाठी वेगवेगळी नावे हवी असल्यास आभासी होस्टची सोय वापरतात. त्यासाठी संगणकातील 'होस्ट्स' या फाइलमध्ये ते नाव १२७.०.०.१ या पत्त्याशी जोडले जाते आणि सर्व्हरच्या मांडणीत त्या नावासाठी फोल्डर नेमला जातो. अशा नावांसाठी 'टेस्ट' हा प्रत्यय वापरणे इष्ट मानतात, कारण १९९९ पासून तो प्रयोगांसाठी राखीव असून प्रत्यक्ष इंटरनेटवर कधीही वाटला जाणार नाही. पूर्वी अनेक जण 'डेव्ह' हा प्रत्यय वापरत. पुढे तो गूगलने खराखुरा डोमेन प्रत्यय म्हणून मिळवला. डिसेंबर २०१७ मधील क्रोमच्या ६३ व्या आवृत्तीने त्या प्रत्ययाच्या सर्व पत्त्यांना सुरक्षित जोडणी सक्तीची केली आणि तो वापरणारे स्थानिक प्रकल्प उघडेनासे झाले.

मराठी मजकूर

मराठी संकेतस्थळ स्थानिक सर्व्हरवर तपासताना अक्षरांच्या साठवणुकीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर फॉन्टशी बांधलेल्या संकेतांत साठवला जात असे. सी-डॅकच्या जिस्ट गटाची साधने आणि मॉड्युलर इन्फोटेक या पुण्यातील कंपनीची श्री-लिपी ही त्या काळातील प्रमुख साधने होत. अशा फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर फॉन्टअभावी निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. पानाची सांकेतिक पद्धत बदलून तो दुरुस्त होत नाही, तर रूपांतरकाच्या साहाय्याने तो युनिकोडमध्ये आणावा लागतो.

युनिकोड मजकूर वेबवर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवतात. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'पुणे' हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा वाटतो. युनिकोडनुसार त्यात प, उकार, ण आणि एकार ही चार चिन्हे आहेत आणि साठवणुकीत तो १२ बाइट घेतो. पीएचपीतील लांबी मोजणारी साधी क्रिया बाइट मोजत असल्यामुळे १२ हे उत्तर देते, तर बहुबाइट अक्षरांसाठी असलेली क्रिया ४ हे उत्तर देते. पहिली क्रिया वापरून मराठी शीर्षक ठरावीक लांबीवर तोडल्यास चिन्ह मध्येच तुटून पानावर प्रश्नचिन्ह किंवा रिकामी चौकट दिसते.

डेटाबेसमध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हे दिसत असल्यास तक्त्याची किंवा जोडणीची सांकेतिक पद्धत लॅटिन ठरलेली असण्याची शक्यता अधिक असते. प्रश्नचिन्हे प्रत्यक्ष साठवली गेली असतील, तर मूळ मजकूर परत मिळत नाही. म्हणून पान, जोडणी आणि तक्ता या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ठरवून दिल्यानंतरच माहिती भरली जाते.

मायएसक्यूएलमधील 'यूटीएफ८' या जुन्या नावाची पद्धत प्रत्येक चिन्हासाठी जास्तीत जास्त तीनच बाइट देते. देवनागरीसाठी ती पुरेशी असली, तरी मोडी लिपीसाठी नाही. मोडीचा समावेश २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत झाला आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. पुण्यातील पेशवे दप्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथे मोडी कागदपत्रांचे मोठे संग्रह आहेत. अशा कागदपत्रांची मोडी युनिकोडमधील सूची जुन्या पद्धतीच्या तक्त्यात भरल्यास डेटाबेस ती नाकारतो किंवा मांडणीनुसार पहिल्या मोडी चिन्हापासून पुढचा मजकूर गाळतो. २०१० मध्ये आलेली 'यूटीएफ८एमबी४' ही पद्धत चार बाइटपर्यंतची चिन्हे साठवते. मायएसक्यूएल ८.० मध्ये तीच मूळ पद्धत ठरवण्यात आली आहे.

वर्णानुक्रमाचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, पण युनिकोडच्या क्रमात त्याचे स्थान 'ल' च्या लगेच पुढे आहे. म्हणून केवळ संकेतक्रमाने लावलेली मराठी शब्दसूची शब्दकोशाच्या क्रमाशी जुळत नाही.

स्थानिक नेटवर्कवरील वापर

घरातील किंवा प्रयोगशाळेतील एकाच नेटवर्कवर असलेली इतर यंत्रेही या सर्व्हरवरील पाने पाहू शकतात. त्यासाठी लोकलहोस्टऐवजी सर्व्हर असलेल्या संगणकाचा खासगी आयपी पत्ता वापरावा लागतो. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. या पद्धतीने एका संगणकावरील संकेतस्थळ संपूर्ण वर्गाला दाखवता येते किंवा ते मोबाइलच्या पडद्यावर कसे दिसते हे पाहता येते. मात्र ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित मानतात, खासगी पत्त्यावरील साध्या जोडणीला नाही. त्यामुळे कॅमेरा किंवा स्थाननिश्चिती वापरणारे पान स्वतःच्या संगणकावर चालते, पण त्याच नेटवर्कवरील मोबाइलवर ती सोय मिळत नाही.

जोडणी नसलेल्या शाळांत किंवा ग्रंथालयांत संदर्भसाहित्य उपलब्ध करण्यासाठीही ही पद्धत उपयोगी पडते. किविक्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विकिपीडियाची संग्रहित प्रत एका संगणकावर ठेवून ती स्थानिक नेटवर्कवरील सर्वांना वाचायला देता येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीही पीएचपीत लिहिलेली असून स्थानिक सर्व्हरवर बसवता येते.

सुरक्षितता

सर्व्हर 'स्थानिक' आहे हे त्याच्या नावावरून ठरत नाही, तो कोणत्या पत्त्यावर विनंती ऐकतो यावरून ठरते. अपाचीच्या नेहमीच्या मांडणीत तो केवळ १२७.०.०.१ वर नव्हे, तर संगणकाच्या सर्व पत्त्यांवर ऐकतो. पायथनचा साधा सर्व्हरही मूळ मांडणीत तसाच वागतो. अशा स्थितीत वसतिगृह, अभ्यासिका किंवा उपाहारगृहातील सामायिक वायफायवर जोडलेल्या लॅपटॉपवरील पाने शेजारच्या अनोळखी यंत्रालाही दिसू शकतात. अपाची प्रथम चालू करताना विंडोजची फायरवॉल कोणत्या नेटवर्कवर परवानगी द्यावी असे विचारते. तेथे सार्वजनिक नेटवर्कला परवानगी न देणे आणि मांडणी फाइलमध्ये ऐकण्याचा पत्ता १२७.०.०.१ एवढाच ठेवणे हे दोन उपाय एकत्र केले जातात.

झॅम्पची मूळ मांडणी शिकणाऱ्याच्या सोयीची आहे, सुरक्षिततेची नाही. त्यात डेटाबेसच्या मुख्य प्रशासकाला पासवर्ड नसतो. हा संच सार्वजनिक सर्व्हरसाठी नसल्याचे त्याचे निर्मातेही सांगतात. घटकांच्या जुन्या आवृत्त्यांत ज्ञात त्रुटी असल्याने अद्ययावत संच वापरणे आवश्यक असते.

चालू संकेतस्थळातील दोष शोधण्यासाठी त्याचा डेटाबेस लॅपटॉपवर उतरवून घेण्याची प्रथा व्यवसायात आढळते. त्या डेटाबेसमध्ये ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते असतील, तर लॅपटॉप हरवणे म्हणजे ती माहिती बाहेर जाणे होय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये अशा माहितीच्या रक्षणाची जबाबदारी ती वापरणाऱ्या संस्थेवर आहे. त्यामुळे चाचणीसाठी खरी माहिती न वापरता तयार केलेली नमुना माहिती वापरणे योग्य मानले जाते.

विजेचा खंड आणि प्रतिलिपी

डेटा सेंटरला अखंड वीजपुरवठ्याची व्यवस्था असते, घरातील संगणकाला ती असेलच असे नाही. डेटाबेस लिहीत असताना वीज गेल्यास तक्ते खराब होण्याचा धोका असतो. मायएसक्यूएलमधील जुन्या मायआयसॅम पद्धतीच्या तक्त्यांना हा धोका अधिक आहे. २०१० मधील ५.५ या आवृत्तीपासून मूळ पद्धत ठरलेली इनोडीबी प्रत्येक बदलाची नोंद आधी वेगळी ठेवते आणि पुन्हा चालू होताना तिच्या आधारे तक्ते सुस्थितीत आणते.

झॅम्पमध्ये डेटाबेस अनपेक्षितपणे बंद पडल्याचा संदेश आल्यावर डेटा फोल्डरातील 'आयबीडेटा१' ही फाइल पुसून टाकण्याची चूक अनेकदा घडते. या फाइलमध्ये इनोडीबीच्या सर्व तक्त्यांची सामायिक माहिती असते. ती गेल्यास तक्त्यांची नावे दिसत राहतात, परंतु ते उघडत नाहीत. कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी डेटाबेस बंद करून संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत वेगळी ठेवणे आवश्यक असते. पीएचपी-मायॲडमिनमधून डेटाबेसची एसक्यूएल फाइल नियमितपणे काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवली, तर नव्या संगणकावरही प्रकल्प पुन्हा उभा करता येतो. प्रकल्प सादरीकरणाच्या आधी लॅपटॉप बिघडला, तर विद्यार्थ्याजवळ एवढाच आधार उरतो.

मर्यादा

स्थानिक सर्व्हरवर चालणारे संकेतस्थळ सार्वजनिक सर्व्हरवर तसेच चालेल याची खात्री नसते. विंडोजमध्ये फाइलनावातील रोमन मोठ्या व लहान अक्षरांत सहसा भेद केला जात नाही, लिनक्समध्ये तो केला जातो. सार्वजनिक सर्व्हर बहुधा लिनक्सवर असल्याने घरी दिसणारे चित्र तेथे गायब होते. पानात लिहून ठेवलेले लोकलहोस्टचे पत्ते, पीएचपीची वेगळी आवृत्ती आणि फोल्डरांवरील अधिकार ही बिघाडाची इतर कारणे होत. तसेच स्थानिक सर्व्हरवर पाने तत्काळ उघडतात, म्हणून मंद मोबाइल जोडणीवर ती किती वेळ घेतील याचा अंदाज तेथे येत नाही.

घरातील संगणकावरूनच जगाला संकेतस्थळ दाखवणे तत्त्वतः शक्य असले, तरी त्यात अनेक अडचणी येतात. अनेक सेवादाते एकच सार्वजनिक आयपी पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. अशा जोडणीवर बाहेरून आलेली विनंती विशिष्ट घरातील संगणकापर्यंत थेट पोहोचत नाही. राउटरमध्ये पोर्ट पुढे पाठवण्याची मांडणी केली तरी तिचा उपयोग होत नाही. स्वतंत्र पत्ता मिळाल्यास तो बदलत राहतो, वीज व जोडणी अखंड ठेवावी लागते आणि पोर्ट खुला होताच तो तपासणाऱ्या स्वयंचलित आज्ञावली तेथे येऊ लागतात. तात्पुरत्या प्रात्यक्षिकासाठी टनेल सेवा वापरता येते. कायमस्वरूपी संकेतस्थळासाठी मात्र स्थानिक सर्व्हरवर तयार केलेल्या फाइली व डेटाबेस सार्वजनिक सर्व्हरवर नेले जातात आणि पुढील बदलांच्या चाचणीसाठी स्थानिक प्रत तशीच ठेवली जाते.